आवळेकाका

आवळेकाकांचं आडनाव आवळे नाही. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर पितळी अक्षरांत आहे, आणि ती पाटी चार स्क्रूंनी अशी बसवली आहे की उद्या इमारत पुनर्विकासाला गेली तर भिंत पाडावी लागेल, पाटी निघणार नाही. पण ते आडनाव सोसायटीत कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. नाव पडलं ते क्रियापदावरून. दिसेल ते आवळतात, म्हणून आवळेकाका. ऑफिसातल्या नव्या पोराने एकदा मेंटेनन्सची पावतीच 'श्री. आवळे' या नावाने फाडली. काकांनी शांतपणे ती फाइलला लावली आणि जाता जाता त्या पोराच्या टेबलाचा पाय आवळून गेले.

प्रत्येक सोसायटीत असा एखादा गृहस्थ असतोच. कुणी जिन्यातले दिवे बंद करत फिरतो, कुणी पाण्याच्या टाकीत डोकावतो, कुणी दुसऱ्यांच्या गाड्या सरळ लावून घेतो. आवळेकाकांचा प्रांत एकच: हलणारी वस्तू. खुर्ची, टेबल, कपाट, कठडा, कडी, कोयंडा. ही वस्तू कुणाची आहे, हा प्रश्न त्यांना पडत नाही. ती हलते, एवढं पुरतं.

माझी त्यांची ओळख कपाटामुळे झाली. मी ठाण्यात राहायला आलो तेव्हा पुस्तकांसाठी एक कपाट ऑनलाइन मागवलं होतं. फोटोत ते सहा फूट उंच होतं, अक्रोडी रंगाचं, शेजारी मनी प्लँट आणि अंगावर सकाळच्या उन्हाची तिरीप. दारात आलं तेव्हा ते एक वीतभरही जाड नसलेलं खोकं होतं. आत फळ्या, एक पुडी आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत एकही अक्षर नाही, नुसती चित्रं. पुडीत स्क्रू, लाकडाच्या खुंट्या, धातूचे गोल कॅम आणि ती एल आकाराची ॲलन की, जी प्रत्येक घरात फुकट येते आणि आठ दिवसांत कायमची जाते. जोडणीला कंपनीचा मुलगा आला. कानात इअरफोन, हातात बॅटरीचं ड्रिल. घर्र-घर्र करत त्याने पस्तीस मिनिटांत कपाट उभं केलं, मागची पातळ फळी चार चुका ठोकून अडकवली, उरलेल्या मूठभर चुका माझ्या हातात दिल्या आणि 'सर, फाइव्ह स्टार' म्हणून गेला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, इस्त्रीची पँट, पायांत रबरी सपाता. "नवीन आलात ना? म्हटलं, भेटून यावं." मी 'या' म्हणेपर्यंत ते मला ओलांडून कपाटाशी पोचले होते. डॉक्टर पोट दाबून बघतात तशी दोन बोटं त्यांनी कपाटाच्या वरच्या कोपऱ्यावर टेकवली आणि हलकेच ढकललं. कपाट डावीकडे झुकलं, उजवीकडे आलं, पुन्हा डावीकडे गेलं आणि मग विचार करून थांबलं.

"कधी आलं?"

"आजच."

"हं. मागची फळी कुणी मारली?"

"कंपनीच्या माणसाने."

"चार चुका? अरे, हे काय कॅलेंडर आहे?" पहिल्या दोन वाक्यांतलं 'तुम्ही' संपून मी 'अरे'वर आलो होतो. "उभ्या फळ्या, आडव्या फळ्या, हा नुसता चौकोन. चौकोन कलतो. पत्त्यांचा बंगला बघितलायस ना? मागची फळी असते ती धूळ अडवायला नव्हे. चौकोनाला कलू देत नाही ती. चारी बाजूंनी चुका मारल्यास तरच. नाहीतर प्रत्येक वेळी तू पुस्तक काढलंस की सगळे सांधे थोडे थोडे मुरगळणार."

"मग किती टिकेल?"

"दिवाळीपर्यंत काही होत नाही."

"आणि नंतर?"

"नंतर मी आहे," काका म्हणाले आणि शर्टाच्या खिशात हात घातला.

त्यांच्या वयाच्या इतर माणसांच्या खिशात गोळ्यांची पट्टी असते. काकांच्या खिशात चष्म्याचं जुनं घर असतं आणि त्यात रबरबँड लावलेल्या चार ॲलन की: तीन, चार, पाच आणि सहा मिलिमीटर. मॉलच्या दाराशी मशीन दर वेळी वाजतं. सिक्युरिटीवाला घर उघडून बघतो, गोंधळतो, आणि काका त्याच्याच टेबलाकडे बघत विचारतात, "हे हलतं का रे?"

बारशाला गेले तर पाळणा हलवून बघतात. आता पाळणा हलायचाच असतो, पण काकांचं म्हणणं असं की पाळणा हलावा, पाळण्याचा स्टँड हलू नये. एकदा त्यांच्या भाचीसाठी मुलगा बघायला गेले. घर चांगलं, मुलगा शिकलेला, पोहे उत्तम. घरी परतल्यावर बहिणीने मत विचारलं तर म्हणाले, "मुलाचं मला काही सांगता येणार नाही. मी खाली होतो." मुलाकडच्यांचं सेंटर टेबल डुगडुगत होतं. बशी ठेवताक्षणी ते त्यांच्या ध्यानात आलं आणि पुढचा अर्धा तास पत्रिका, पगार, फ्लॅटचं कर्ज ही सगळी बोलणी त्यांच्या डोक्यावरून, अक्षरशः डोक्यावरून, चालू होती. लग्न जमलं. टेबल अजून टणक आहे, असं ते दर वर्षी न विसरता सांगतात. भाचीचं कसं चाललंय ते मात्र काकूंना विचारावं लागतं.

इतकंच काय, समाचाराला गेल्यावरही त्यांना राहवत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा गेले तेव्हा दिवाणखान्यात सगळे माना घालून बसले होते. काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं. काका ज्या खुर्चीत बसले ती कुरकुरली. दोन मिनिटं त्यांनी कळ काढली. मग हळूच उठले, खुर्ची उलटी केली आणि कामाला लागले. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात अण्णांचा मुलगा म्हणाला, "बाबा महिनाभर म्हणत होते, आवळेकाकांना बोलवायला हवं." आणि इतका वेळ कोरडा बसलेला तो मुलगा पहिल्यांदा रडला. काकांनी चारही पाय पुरे केले, खुर्ची सरळ ठेवली, तिच्यावर हात टेकून बघितला आणि काही न बोलता निघाले. त्या दिवशी सांत्वन असं काही कुणी केलं असेल तर ते त्यांनीच.

या वेडाचं मूळ रेल्वेत आहे. काकांची सगळी नोकरी मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये गेली. डबे यायचे, खिळखिळे झालेले, आणि टणक होऊन जायचे. 'जे धावतं ते सुटतं' हे तिथलं पहिलं शिक्षण. दुसरं शिक्षण त्यांना रुळांवर मिळालं. रेल्वेत चावीवाला म्हणून एक माणूस असतो. खांद्यावर पाना आणि हातोडा, सोबत लाल-हिरवी निशाणं, आणि नेमून दिलेल्या तुकड्यावरून तो रोज चालत जातो. सुटलेली क्लिप ठोकतो, सैल बोल्ट पिळतो, पुढे जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "एवढी मोठी रेल्वे," काका म्हणतात, "तिला काय कायमचा बोल्ट परवडत नाही? पण कायमचा बोल्ट नसतो. असतो तो चावीवाला."

एका रविवारी मी चूक केली. त्यांच्या घरी गेलो असताना सहज विचारलं, "काका, पण एकदा गच्च आवळल्यावर स्क्रू सुटतो तरी कसा? हात तर कुणी लावत नाही."

काकूंनी आतून माझ्याकडे दयेने बघितलं आणि चहाचं आधण वाढवलं.

काकांनी टीपॉयवरची लग्नाची पत्रिका घेतली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी कापली आणि तो त्रिकोण पेन्सिलीला गुंडाळला. तिरकी कड पेन्सिलीभोवती वळणं घेत चढत गेली. "हा स्क्रू. काय दिसतं?"

"आटे."

"घाट! आटे म्हणजे डोंगराला गुंडाळलेला घाटरस्ता. आपला बोरघाट, कर्जत ते लोणावळा, सदतीस फुटांत एक फूट चढतो. तेवढ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. तुझ्या टेबलाच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. हिशेब कर, सतराला एक! बोरघाटाच्या दुपटीहून खडा. बोल्ट आवळतोस तेव्हा तू गाडी घाट चढवतोस. बोल्ट किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि तो ताण त्याला परत खाली ओढत असतो. मग तो उतरत का नाही?"

"ब्रेक."

"शाबास! घर्षणाचा ब्रेक. आता ताट आण गं."

काकूंनी ताट आधीच काढून ठेवलं होतं. म्हणजे हा प्रयोग या घरात पहिला नव्हता. काकांनी ताटाची एक बाजू दोन बोटं उचलून पुस्तकावर टेकवली आणि वरच्या कडेशी एक वाटी ठेवली. वाटी जागची हलली नाही. मग त्यांनी ताटाच्या बाजूच्या कडेला टिचक्या मारायला सुरुवात केली. वाटी प्रत्येक टिचकीला आडवी थरथरली, आणि थरथरता थरथरता, कुणी न सांगता, उताराकडे सरकत गेली.

"मी तिला खाली ढकललं?"

"नाही. बाजूने मारलंत."

"मग खाली कशी गेली? अरे, घर्षण एका वेळी एकाच दिशेला झुंजतं. बाजूची झटापट चालू झाली की उताराकडे बघायला त्याला सवड नाही. बोल्टचंही तेच. उभं ओढून तो सहसा सुटत नाही. आडवे धक्के बसले की सुटतो. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ साली हे यंत्रावर मोजून दाखवलं. त्याच्याआधी सगळे म्हणायचे, अजून जोरात आवळा." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तू लिहिताना पाय हलवतोस ना? टेबलाला त्या टिचक्याच आहेत."

मला पाय हलवायची सवय आहे, हे त्यांना टेबलाच्या सांध्यावरून कळलं होतं.

चहा आला. काकूंनी एक बरणी माझ्यापुढे केली. "तुम्ही तरुण आहात, बघा उघडतंय का. यांनी झाकण लावलंय." बरणीत चकल्या होत्या. मी दोन्ही हातांनी पिळलं, फडक्याने धरून पिळलं, श्वास रोखून पिळलं. चकल्या काचेतून दिसत होत्या. "दिवाळीच्या आहेत," काकू म्हणाल्या. तेव्हा मार्च चालू होता.

त्या घरात कशाचाही आवाज येत नाही. ड्रॉवर लोण्यासारखे सरकतात, दारं निःशब्द मिटतात, पंखा फिरतो की नाही ते बघून ठरवावं लागतं. फक्त हॉलमधला झोपाळा तेवढा वाजत होता. कोकणातल्या घरातून आणलेला, सागवानी फळीचा, पितळी कड्यांचा. काका त्यावर बसून झोका घेत होते आणि वरची कडी दर झोक्याला 'कुर्र-कट' करत होती. मी छताकडे बोट करून म्हटलं, "काका, हे कसं राहिलं?" काकांनी विषय बदलला. मला तेव्हा ते विसरल्यासारखं वाटलं. काका विषय कधीच बदलत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बदललेला विषयही अर्थात स्क्रूचाच होता. सुटं फर्निचर ही काही परवाची टूम नाही, हे त्यांनी मला बजावलं. स्वीडनमध्ये १९५६ साली आयकियाच्या गिलिस लुंडग्रेनना एक टेबल गाडीत बसवायचं होतं, बसेना, म्हणून त्यांनी पाय काढले आणि तिथून खोक्यातल्या फर्निचरची त्या कंपनीची गाडी सुटली. पण त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८५९ साली, मिखाएल थोनेटने वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची काढली होती. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. "इराण्याकडे ब्रुन-मस्का खाताना ज्या गोल पाठीच्या खुर्चीवर बसतोस, ती त्याच घराण्यातली," काका म्हणाले. हे त्यांना कसं कळलं ते सांगायला नको. इराण्याकडे ब्रुन-मस्का आम्ही खातो, काका खुर्चीखाली असतात.

मुलीकडे न्यू जर्सीला तीन महिने राहून आले, तर जावयाने मोठ्या हौसेने नायगाऱ्याचा बेत आखला. "पाणी वरून खाली पडणार, त्यात काय बघायचं?" म्हणत काकांनी हार्टफर्डचा हट्ट धरला. जावयाला वाटलं, तिथे एखादं देऊळ असेल. आणि काकांच्या दृष्टीने होतंच. षट्कोनी खाचेच्या स्क्रूचं पेटंट १९१० साली घेणाऱ्या विल्यम ॲलनची कंपनी त्या गावची. आणि त्याच गावातल्या ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १९५३ साली असा द्रव शोधला, जो हवेत पातळ राहतो आणि आट्यांच्या फटीत, हवा न मिळाल्यामुळे, घट्ट होऊन बसतो. तेच पुढे लॉकटाइट. "एकाच गावाने आवळायची किल्ली दिली आणि सुटू न देणारं औषधही दिलं," हे सांगताना काकांचा आवाज पंढरपूरबद्दल बोलावं तसा होतो. जावई गाडीत बसून राहिला. काका एका चौकात दहा मिनिटं उभे राहिले आणि येताना रस्त्यातली एक पाटी हलते म्हणून दुःखी झाले.

असा हा सर्वज्ञ माणूस माझ्या कपाटापुढे हरला.

जुलै महिना होता. ठाण्यातला जुलै म्हणजे मीठ पाघळतं, पापड सादळतात, वर्तमानपत्र सकाळीच लुळं पडतं. कपाट आता कुणी न ढकलता झुकत होतं. मधल्या फळीवर शब्दकोश होते, ती एका बाजूने उतरली होती. काका आले, गुडघ्यांवर बसले, पाच नंबरची की काढली. पहिले दोन स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरले आणि घट्ट झाले. तिसरा फिरला, अडला. मी म्हटलं, "बास, काका." काका म्हणाले, "थोडं अजून." थोडं अजून केलं. आतून कुरकुरीत काहीतरी चुरडल्यासारखा बारीक आवाज आला, आणि त्यानंतर की फिरतच राहिली. उजवीकडे फिरवा, फिरते. डावीकडे फिरवा, फिरते. कसलाच विरोध नाही. स्क्रू बाहेर ओढला तर तो बोटांनीच निघाला, मागोमाग चमचाभर पिवळट भुसा जमिनीवर पडला.

काकांनी तो भुसा तळहातावर घेतला. बराच वेळ बघत राहिले. मग किल्ल्या चष्म्याच्या घरात ठेवल्या, उठले आणि चहा न घेता गेले.

आठ दिवस ते कुणाला दिसले नाहीत. सोसायटीत ते लगेच कळायला लागलं. फाटकाची कडी वाजू लागली, बागेतला बाक बसणाऱ्याला एकीकडे उतरवून द्यायला लागला, जिन्याचा कठडा हाताखाली हलायला लागला. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "बसून असतात. काल तर चकल्यांची बरणी आपणहून उघडून दिली. मला काळजीच वाटायला लागलीय."

नवव्या दिवशी काका आले. हातात फेविकॉलची बाटली, काडेपेटी आणि ब्लेड. मला त्यांनी समोर बसवलं, जणू कबुलीजबाब घ्यायला साक्षीदार हवा होता.

"मी त्या वखारीतल्या सुताराकडे गेलो होतो. तो भुसा दाखवला त्याला. तो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, काका, हे लाकूड नाही, चिक्की आहे."

"चिक्की?"

"लाकडाचा चुरा आणि डिंकासारखं रसायन, गरम करून दाबलेलं. शेंगदाणे आणि गूळ. वरून बारीक, गुळगुळीत, पण आत, फळीच्या कडेला, जाड भरड. आणि स्क्रू आपण नेमका कडेतच घालतो. खऱ्या लाकडाला रेषे असतात, ते आट्यांना मिठी मारून बसतात. इथे दाणे आहेत. पिळलं की सुटतात, आणि एकदा सुटले की भुगा." ते क्षणभर थांबले. "मी जन्मभर लोखंड आवळलं रे. लोखंड आवळलं की ताणतं आणि धरून ठेवतं. हा बोर्ड नुसता दबतो. आज आवळलास तर स्क्रूच्या डोक्याखाली हळूहळू बसत जातो. स्क्रू केसभरही फिरत नाही आणि तरी सैल होतो. युंकरचा यात काही संबंधच नाही! आणि वर हा पाऊस. दमट हवेत बोर्ड फुगतो, स्क्रू तर फुगत नाही. मग आतले दाणे स्क्रूवर चिरडतात. हिवाळ्यात हवा सुकली की बोर्ड आक्रसतो, भोक मोठं राहतं. चिक्की सादळली की परत कुरकुरीत होते का कधी? तसंच ते."

मग त्यांनी दुरुस्ती केली, आणि ती बघण्यासारखी होती. काडेपेटीतल्या तीन काड्यांची गुलं ब्लेडने उडवली. काड्या फेविकॉलमध्ये बुडवून त्या रिकाम्या भोकात एकेक करून सरकवल्या, चौथी अर्धी सोलून उरलेल्या फटीत बसवली. बाहेर आलेला पांढरा गोंद बोटाने निपटला, बोट रुमालाला पुसलं. काड्या पृष्ठभागाबरोबर कापल्या. "आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी आले. या वेळी की उलटी धरली: लांब दांडी स्क्रूच्या खाचेत आणि आखूड दांडी बोटांत. "लांब दांडीने फिरवलं की जोर वाढतो आणि आपल्याला कळत नाही. आखूड दांडीने हवा तेवढाच लागतो." स्क्रू टेकेपर्यंत फिरवला, टेकल्यावर पाव फेरा दिला, आणि थांबले. मी बघत होतो. बोटं अजून दांडीवरच होती. थोडं अजून, असं ती बोटं म्हणत होती. काकांनी डाव्या हाताने उजवा हात काढून घेतला.

उरलेल्या चुका मी जपून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी मागच्या फळीला चारी बाजूंनी चार चार बोटांवर मारल्या. दोन बोटं कोपऱ्यावर टेकवून ढकललं. कपाट जागचं हललं नाही. "आता भिंतीला पट्टी मारून घे. पोरं वर चढतात," म्हणाले. माझ्या घरात पोरं नाहीत, हे मी सांगितलं नाही. त्यांनी पट्टी आणलीच होती.

त्यानंतर काका बदलले, असं म्हणणं धाडसाचं होईल. पण त्यांनी वही घातली. रेल्वेच्या रजिस्टरसारखी, लाल कापडी पाठीची. तांबड्या शाईच्या रेघा आखून चार रकाने: घर क्रमांक, वस्तू, फेरा, शेरा. तपासणी वर्षातून दोनदा: मृग लागायच्या आत एकदा आणि दिवाळी झाल्यावर एकदा. चावीवाल्याचा तुकडा असतो तशी आमची बी विंग. दिसेल ते आवळणं बंद झालं आणि जेवढं सुटलं तेवढंच, नेमक्या दिवशी, सुरू झालं. ज्यांना पूर्वी काका दारात दिसले की सोफ्यावर अंग टाकून खालचं झाकावं लागायचं, ते आता 'यंदा मृग कधी लागतो' असं विचारतात.

परवा ते मला दाखवायला ती वही घेऊन आले आणि चहा घेता घेता फोन आला म्हणून बाल्कनीत गेले. मी पानं चाळली. 'ब-२०३. डायनिंग खुर्च्या ६. पाव फेरा. शेरा: मुलं मागच्या दोन पायांवर झुलतात, समज दिली.' 'ब-३०१. बूट ठेवण्याचं कपाट. फेरा नाही. शेरा: भोक माझ्याकडून गेलं, काड्या घातल्या, क्षमा मागितली.' 'ब-४०४', म्हणजे मी. 'पुस्तकांचं कपाट. फेरा नाही. शेरा: ठीक. लिहिण्याचं टेबल, अर्धा फेरा. शेरा: पाय हलवणं चालू.' शेवटच्या पानावर त्यांचं स्वतःचं घर होतं. पलंग, कपाटं, ओटा, सगळ्यांपुढे 'ठीक, ठीक, ठीक'. आणि सगळ्यात खाली: 'झोपाळा. वरची कडी वाजते. शेरा: तेल घालू नये. आवळू नये. सौ.ची हरकत.'

संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. मी न राहवून त्या हरकतीबद्दल विचारलं.

"मग काय करू?" काकू म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरात असते. तो कुरकुरतोय तोवर हे त्याच्यावर बसलेत, एवढं मला कळतं. कुरकुर थांबली की समजायचं, उठले." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तेवढ्यात मला बरण्या आत टाकता येतात."